मोटारीचा कार्ब्युरेटर, फटफटीचे इंजिन



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने गॅरेजच्या दारात कशाला जाऊन उभे राहावे? पण आमच्या पुंडलिकनगरात राहायचे म्हटले, की गॅरेज टाळता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी एखादा मिस्त्री असतोच, त्याच्यापुढे खेड्यातून आलेल्या दोन-चार जुन्या मोटारसायकली उभ्या असतातच, आणि त्यांतली निम्मी भांडणे एकाच वस्तूवरून चाललेली असतात. ती वस्तू म्हणजे कार्ब्युरेटर. मिस्त्रीलोक त्याला ‘कारबोरेटर’ म्हणतात. नाव कसेही घ्या, काम एकच : हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवायचे.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी संगणकाने चालणारी पिचकारी आली. पण जुनी गाडी काही एका रात्रीत मोडीत निघत नाही. ती शेतावर जाते, दूध घेऊन येते, मास्तरांना शाळेत पोहोचवते. अशा गाडीचा मूळ कार्ब्युरेटर झिजला, आणि त्या जागी मोटारीचा कार्ब्युरेटर बसवायचा झाला, तर तो बसेल का? बसला तर चालेल का? आणि चालला तरी इंजिन टिकेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू. ती एकसारखी नाहीत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

उदाहरण डोळ्यांपुढचेच घेऊ. गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकरी गृहस्थांची जुनी बुलेट आमच्या भागातल्या गॅरेजात आली होती. गाडी वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकण्याचा प्रश्न नव्हता. कार्ब्युरेटरची स्लाइड, म्हणजे आतला सरकता पडदा, झिजून खुळखुळा झाला होता. बाजारातून आणलेला नवा कार्ब्युरेटर नकली निघाला. घरी मात्र मोडीत काढलेल्या अॅम्बॅसेडर मोटारीचा एस.यू. जातीचा कार्ब्युरेटर कापडात गुंडाळून ठेवलेला होता. गॅरेजात जमलेल्यांची मते तीन. एक म्हणे, “मोटारीचा आहे, पेट्रोल पिऊन टाकील.” दुसरा म्हणे, “भोक मोठे आहे, गाडी उठणारच नाही.” तिसरा म्हणे, “बसवून तर बघू, चालली तर चालली.” या तिघांत सर्वांत महाग सल्ला तिसऱ्याचा, हे पुढे कळेल.

प्रथम कार्ब्युरेटर काम कसे करतो ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक स्ट्रॉ उभी धरा. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून उभीच्या तोंडावरून जोराने फुंकर घाला. उभ्या नळीतून पाणी वर चढेल आणि त्याचा फवारा उडेल. नळीच्या तोंडाशी वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब भोवतालच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि पेल्यातल्या पाण्यावरचा नेहमीचा दाब पाण्याला वर ढकलतो. कार्ब्युरेटर म्हणजे हीच रचना. पेला म्हणजे फ्लोटची वाटी, उभी नळी म्हणजे जेट, आणि फुंकर घालणारा म्हणजे इंजिनाचा पिस्टन. तो खाली येताना हवा ओढतो. हवा अरुंद गळ्यातून धावते. जेटमधून पेट्रोल निघते.

अडचण एवढीच, की इंजिन कधी हळू ओढते, कधी जोरात. दोन्ही वेळा प्रमाण जवळपास तेच राहायला हवे. एक भाग पेट्रोलाला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर निघतो, प्लगवर काजळी चढते आणि खिशाला चाट बसते. पेट्रोल कमी पडले तर गाडी सुरुवातीला मोठी हलकी पळाल्यासारखी वाटते; पण ज्वलन लांबते, इंजिन तापते, आतून टकटक ऐकू येते, आणि भरधाव वेगात असे फार वेळ चालले तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. म्हणूनच ‘चालली तर चालली’ हा सल्ला महाग. बिघडलेले प्रमाण पहिल्या दिवशी बोलत नाही. ते बोलते तेव्हा इंजिन उघडावे लागते.

हे प्रमाण सांभाळण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरात मुठीला पीळ दिला, की दोरीने स्लाइड वर उचलली जाते. गळा किती उघडायचा हे चालवणाऱ्याचा हात ठरवतो. एस.यू. कार्ब्युरेटरात हात फक्त एक फिरती झडप उघडतो. त्याच्या अलीकडे घुमटीत एक पिस्टन असतो. तो इंजिनाच्या ओढीने आपोआप वर-खाली होतो आणि गळा हवा तेवढाच मोकळा ठेवतो. हवा जास्त आली तर पिस्टन वर, कमी आली तर खाली. गळ्यातली ओढ मात्र जवळजवळ कायम. पिस्टनच्या बुडाला एक निमुळती सुई असते. ती जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन जितका वर, तितकी सुई बारीक, तितके पेट्रोल अधिक.

या युक्तीचा जन्म इंग्लंडात स्किनर घराण्यात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. घराण्याचा धंदा पादत्राणांचा. त्यामुळे पहिल्या नमुन्यांत पिस्टन नव्हता, होता तो चक्क चामड्याचा भाता! आपल्या लोहाराच्या भात्याचाच हा धाकटा भाऊ म्हणा ना. १९२६ साली ही कंपनी मोटारवाल्या मॉरिस यांनी घेतली. आपली अॅम्बॅसेडर हे मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचेच भारतीय रूप. २०१४ पर्यंत ती बनत होती. एस.यू. कार्ब्युरेटर आपल्या भंगार बाजारात दिसतो तो या वाटेने. आणि तो मोटारसायकलीला अगदीच परका आहे असेही नाही. १९५२ पासून काही वर्षे इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने आपल्या थंडरबर्ड या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीवर एस.यू.च बसवला होता. पुढे आपल्याकडच्या पल्सरसारख्या गाड्यांवर जे कार्ब्युरेटर आले, त्यांतही आपोआप उचलला जाणारा पिस्टन होता; फक्त घुमटीच्या जागी रबरी पडदा आला.

आता ‘मोटारीचा म्हणजे फार मोठा’ या भीतीकडे वळू. इथे थोडे गणित करू या. अॅम्बॅसेडरचे जुने इंजिन १४८९ घनसेंटीमीटरचे, बुलेटचे ३४६. वरवर पाहता चौपटीहून अधिक फरक. पण मोटारीत सिलिंडर चार आहेत, आणि ते एकाच वेळी हवा ओढत नाहीत, पाळीपाळीने ओढतात. चौदाशे एकोणनव्वदला चाराने भागा : एका सिलिंडराच्या वाट्याला ३७२ येतात. म्हणजे कार्ब्युरेटरला एका वेळी तोंड द्यावे लागते ते ३७२ घनसेंटीमीटरच्या घोटाला; बुलेटचा घोट आहे ३४६ चा. आणखी गंमत पाहा. मोटारीच्या सिलिंडराचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव सुमारे ८९. बुलेटचा व्यास ७०, धाव ९०. जणू मोटारीच्या इंजिनाची एक फोड कापून दोन चाकांवर ठेवली आहे! तेव्हा आकाराची भीती बरीचशी फोल ठरते. सव्वा इंचाचा एस.यू. बुलेटला थोडा सैल होईल, पण त्याचा पिस्टन गरजेपुरताच उचलला जात असल्याने तो सैलपणा तो स्वतःच भरून काढतो.

मग फरक कुठे आहे? घोटाच्या आकारात नाही, घोटांमधल्या अंतरात आहे. दोन्ही इंजिने मिनिटाला ८०० फेऱ्यांनी मंद चालत आहेत असे समजा. मोटारीचे चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० घोट घेतात. एक संपतो न संपतो तोच दुसरा. बुलेट घेते ४००. एक घोट, मग मोठी विश्रांती, मग दुसरा घोट. मोटारीवर सलग वाहणारी हवा इथे धक्क्याधक्क्याने येते. त्यामुळे घुमटीतला पिस्टन मंद गतीला थरथरतो. हा थरथराट रोखायला घुमटीच्या दांड्यात तेल असते. नेहमी वीस नंबरचे पातळ तेल चालते. एका सिलिंडराला कधी तीस नंबरचे लागते. पण म्हणून एकदम जाड तेल ओतू नये. तसे केले तर रेस देताना पिस्टन उशिरा उठतो आणि इंजिन गुदमरते. पिस्टनवरच्या स्प्रिंगांनाही रंग दिलेले असतात : निळी हलकी, लाल तिच्याहून कडक, पिवळी आणखी कडक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. प्रयोगशाळेतला हा नियम गॅरेजातही तितकाच खरा.

आता बसवण्याचे काम. पहिले हत्यार पाना नव्हे, मोजपट्टी. एस.यू.ची घुमटी उंच असते आणि ती उभीच राहिली पाहिजे, नाहीतर पिस्टन अडकतो आणि वाटीतली पेट्रोलाची पातळी चुकते. टाकीच्या खाली, बैठकीच्या पुढे तेवढी उंची आहे का ते आधी पाहा. नसेल तर तिथेच थांबावे. टाकी ठोकून खड्डा पाडणे हा उपाय नव्हे. सोलेक्स जातीचे मोटारीचे अनेक कार्ब्युरेटर याच कारणाने बाद होतात : त्यांत हवा वरून खाली उतरते, आणि मोटारसायकलीचे तोंड असते आडवे.

जागा मिळाली, की जोडनळी लागते. कार्ब्युरेटरचे तोंड सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर; इंजिनाचे तोंड त्याहून लहान. चांगल्या लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची अशी नळी करून घ्यावी, की आतली बाजू हळूहळू निमुळती होत जाईल आणि कुठेही पायरी राहणार नाही. इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा घालावा. इंजिनाला मात्र कानस लावू नये. जे बदलायचे ते जोडनळीत बदलावे. कार्ब्युरेटर वजनदार असतो आणि एका सिलिंडराचे इंजिन हादरे फार देते, म्हणून त्याला खालून रबर घातलेला आधार हवा. आधार नसेल तर जोड तडकेल, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टपकेल. त्याचा अर्थ मी सांगायला नको.

मोटारीत पेट्रोल पंपाने येते. मोटारसायकलीत ते टाकीतून आपल्या वजनाने उतरते. पंपाच्या मानाने हा दाब फारच कमी. तेवढ्या दाबाने वाटी भरत राहील का? अंदाज न करता मोजावे. अठरा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले आणि दर अश्वशक्तीला तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल धरले, तर मिनिटाला साधारण १२० घनसेंटीमीटर लागतात. इंजिन थंड असताना, उघड्या हवेत, जवळपास विडी-काडी नसताना वाटीच्या झडपेतून एका मिनिटात किती पेट्रोल येते ते मापात धरून पाहावे. २०० आले तर निश्चिंत राहावे. कमी आले तर नळी किंवा झडपेचे भोक मोठे हवे.

मुठीच्या दोरीचेही गणित आहे. चोवीस मिलिमीटरच्या कार्ब्युरेटरची स्लाइड चोवीस मिलिमीटर वर जाते. मूठ तेवढीच दोरी ओढते. एस.यू.ची झडप पाव फेरा फिरते. तिच्या दांड्यावर १५ मिलिमीटर त्रिज्येची अर्धचंद्राकृती चकती बसवली, तर पाव फेऱ्याला साडेतेवीस मिलिमीटर दोरी लागते. जमले की नाही? परत आणणाऱ्या स्प्रिंगा मात्र दोन लावाव्यात. एक तुटली तर दुसरीने झडप बंद झालीच पाहिजे.

आता खरी परीक्षा, सुईची. या कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक २.२९ मिलिमीटर असते. सुई भोकात उभी असल्यामुळे पेट्रोलाला वाट मिळते ती दोघांमधल्या कड्याएवढी. सुई एका जागी २.१६ मिलिमीटर जाड असेल, आणि ती घासून २.११ केली, तर फरक झाला अर्ध्या दशांश मिलिमीटरचा, केसाच्या जाडीहूनही कमी. पण कड्याचे क्षेत्रफळ काढून पाहा : ते एक तृतीयांशाहून अधिक वाढते! म्हणून सुईला कानस लावणारा हात आधी धरावा. घासायचीच झाली तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, सुई फिरती ठेवून, दर वेळी मायक्रोमीटरने मोजून घासावी. बारावीच्या मुलांना ‘मायक्रोमीटर कशाला शिकायचा?’ असा प्रश्न पडतो, त्यांना हे उदाहरण सांगावे.

सुरुवातीला जेटखालची षटकोनी चाकी पूर्ण वर घेऊन मग दोन फेरे खाली सोडावी. खाली सोडली की पेट्रोल वाढते, वर घेतली की कमी होते. इंजिन चांगले तापल्यावर पिस्टनखालची खिळी हळूच दाबून पिस्टन एक मिलिमीटराहूनही कमी उचलावा आणि कान द्यावा. इंजिनाची गती वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडू लागले, तर कमी आहे. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आली, तर प्रमाण जमले. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर, डोक्यावर हेल्मेट घालून, एका स्थिर वेगाने गाडी चालवावी. क्लच ओढून लगेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. फिक्या विटकरी रंगाचा प्लग चांगला. काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर गाडी तशी पुढे नेऊ नये. कान फसतो, पण प्लग सहसा फसवत नाही.

आता आजच्या पेट्रोलाचा मुद्दा. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. आपल्या उसापासूनही हे इथेनॉल होते, तेव्हा शेतकऱ्याला त्याचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते : एका भागाला नऊच भाग. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून हे मिश्र पेट्रोल गेले, तर ते सुमारे आठ-नऊ टक्के कमी पडते. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. इथली हवा विरळ, म्हणून तीनेक टक्के भरपाई आपोआप होते. राहिलेले पाच-सहा टक्के चाकी खाली सोडून द्यावे लागतात. जुन्या मापाने बसवलेले इंजिन आता गरम का होते, याचे एक उत्तर इथे सापडेल. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुने रबर खराब करते. पावसाळ्यात गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करावी आणि नळ्या नव्या घालाव्यात. हवेची जाळी मात्र कधीही काढून ठेवू नये. शेतरस्त्यावरची धूळ ही इंजिनाला कानसच आहे.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कार्ब्युरेटर बदलल्याने इंजिनाचा क्रमांक किंवा आकार बदलत नाही. पण धुराची परीक्षा चुकत नाही. मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांहून अधिक नसावा. आपण प्रमाण नीट लावले की नाही, याची पावती या तपासणीत मिळते. आणि एक लक्षात ठेवा : २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणून झिजलेला असला तरी मूळ कार्ब्युरेटर भंगारात देऊ नये. तेल लावून जपून ठेवावा.

गंगापूरच्या गृहस्थांना मी प्रथम हेच सुचवले, की खात्रीच्या दुकानातून अस्सल नवा कार्ब्युरेटर मिळत असेल तर तोच घ्यावा. बुलेटचा भाग अजून मिळू शकतो. लेथ, सुई, तेल, पेट्रोल आणि फेऱ्या यांचा हिशेब केला तर बदल करणे स्वस्त पडतेच असे नाही. पण ज्यांच्या जुन्या परदेशी गाडीचा भाग कुठेच मिळत नाही, त्यांच्यापुढे हा मार्ग खुला आहे. त्यांनी गृहस्थांनी मात्र विचार करून एस.यू.च निवडला. मिस्त्रीने मोजमापे वहीत लिहिली, लेथवाल्याने जोडनळी केली आणि गाडी चालू झाली. मंद गतीला ती पूर्वीपेक्षा थोडी अडखळते. घोटांमधले अंतर कोणी पुसून टाकू शकत नाही. प्लग मात्र विटकरी आहे.

आपल्याकडे अशा कामाला ‘जुगाड’ म्हणतात, आणि त्या शब्दात थोडे कौतुक, थोडी चेष्टा असते. मला वाटते, चेष्टा होते ती न मोजता केलेल्या कामाची. तेच हात, तेच भंगार आणि तेच इंजिन. पण जवळ मोजपट्टी, मायक्रोमीटर आणि एक वही असली, की त्याच कामाला अभियांत्रिकी म्हणावे लागते. शाळेतल्या मुलांना एखादा बिनकामाचा कार्ब्युरेटर आणून द्या, तो खोलू द्या, सुई मोजू द्या. दाब, वेग आणि क्षेत्रफळ हे शब्द मग पुस्तकात अडकून राहणार नाहीत. आणि ज्यांची गाडी आज मिस्त्रीकडे उभी आहे, त्यांनी त्याला ‘चालेल का?’ एवढेच न विचारता ‘मोजले का?’ असे विचारावे.